आपल्या पद्धतीत बसणारी माणसं कशी निवडायची? लहान व्यवसायासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर दोन तवे ठेवून सुरू केलं. आज मी धरून १५ जणं आहोत: आठ जणं पोळ्यांवर, तिघी भाजी-आमटीवर, दोघं काउंटर आणि पॅकिंगला, एक डबे पोचवणारा. दिवाळीच्या फराळाला आणखी चार हात लागतात. ओळखीत धंदा करणारे बरेच. कुणाचं शिवणकामाचं युनिट, कुणाचं वर्कशॉप, कुणाचे क्लासेस. भेटलं की जीएसटीबद्दल कुणी विचारत नाही, त्याला सीए असतो. विचारतात ते माणसांबद्दल. तेच प्रश्न इथे घेतलेत. उत्तरं माझ्या स्वयंपाकघरातली आहेत, तुमच्या धंद्याला लावताना थोडी आत-बाहेर करून घ्या.

आमच्याकडे मोजून सहा माणसं. आमची कसली आलीय ‘कार्यसंस्कृती’?

शब्द मोठा आहे खरा. गोष्ट काय आहे ते सांगते.

सकाळचे साडेदहा. मटकीची उसळ उतरलीय आणि तिच्यात मीठ दोनदा पडलंय. अकराला डबे निघणार. एका स्वयंपाकघरात भाजीवाली बाई गुपचूप दोन बटाटे टाकते, पाणी वाढवते, झाकण लावते आणि देवाचं नाव घेते. दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर मालकाला कळतं. दुसऱ्या स्वयंपाकघरात तीच बाई जागेवरून ओरडते, “वहिनी, उसळ गेली!” मग कुणी बटाटे सोलायला धावतं, कुणी पिठल्याला बेसन कालवतं, काउंटरवरचा मुलगा दहा घरी फोन करून सांगतो की आज उसळीऐवजी पिठलं येईल.

मीठ दोन्हीकडे सारखंच पडलं. फरक कशाचा, तर आधी कधीतरी चूक सांगणारीला काय मिळालं होतं, शिव्या की मदत. नवीन आलेली बाई हे आठ दिवसांत ओळखते, तिला कुणी सांगावं लागत नाही. यालाच संस्कृती म्हणायचं. आणि सहाच माणसं असतील तर ती जास्त जपायला हवी, कारण सहातलं एक बिघडलं की धंद्याचा सहावा हिस्सा बिघडतो. दोनशे माणसांच्या कारखान्यात एखादा कुरकुऱ्या खपून जातो.

ती लिहून कशी काढायची? भिंतीवर पाटी लावू का?

पाटी नको. ‘सचोटी, सेवा, समर्पण’ अशा पाट्या मी बँकेतही बघते आणि तिथे रांगेत उभी राहते तेव्हाही बघते.

आम्ही एका रविवारी बसलो, सासूबाई आणि मी, मेगाब्लॉक होता म्हणून निम्म्या जणी आल्याच नव्हत्या. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या. गेल्या दोन वर्षांत कोण सोडून गेलं आणि खरं कारण काय? भांडणं कशावरून झाली? आणि उद्या कोण गेलं तर आपल्याला शटर उघडायला जड जाईल, ती वेगळं काय करते?

भांडणांची यादी बघून मी चकित झाले. पोळी जाड की पातळ यावरून एकही नव्हतं. सगळी होती ती मोठ्या आचेची शेगडी कुणाला, परात कुणी घासायची आणि न सांगता खाडा केल्यावर तिच्या वाटणीची कणीक कुणी तिंबायची, यावरून. म्हणजे आमची संस्कृती पोळीत नव्हतीच, परातीत होती. त्यातून ही पाच वाक्यं निघाली:

चूक डबा बाहेर पडायच्या आधी सांगायची.
येणार नसाल तर आदल्या रात्री नऊच्या आत फोन. लोकल अडकली तर अडकल्या अडकल्या फोन.
आपल्या पोळ्या झाल्या म्हणून हात धुऊन निघायचं नाही, शेजारणीच्या राहिल्या असतील तर हात लावायचा.
उरलेलं अन्न घरी न्यायचं तर सांगून न्यायचं.
गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टी स्वयंपाकघरात चघळायच्या नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, स्वच्छता कुठाय यात? मी म्हटलं, ती यादीत घ्यायची गोष्टच नाही. डोक्याला टोपी, नखं कापलेली आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हे अन्नधंद्याला नियमानेच आहे. ते पाळत नाही तिला घ्यायचंच नाही, मग तिचा स्वभाव साखरेसारखा का असेना.

तुमची पाच वाक्यं निराळी असतील. वर्कशॉपवाल्या एका मित्राचं पहिलं वाक्य आहे, ‘माप चुकलं तर जॉब भंगारात लपवायचा नाही.’ मला फार आवडतं ते.

ओळखीतला, गावाकडचा, नात्यातला माणूस घेतला तर आपोआप जमतं ना?

बऱ्याचदा जमतं, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर रोज लोकलच्या मालडब्यातून जातं. मुंबईचे डबेवाले. १८९० पासून चालत आलेलं काम, माणसं मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या पट्ट्यातली. नवा गडी कुणाच्या तरी ओळखीने येतो, जुन्याच्या हाताखाली मार्ग शिकतो, मुकादम त्याच्यावर नजर ठेवतो. भाषा एक, पंढरीची वारी एक, डोक्यावरची टोपी एक. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी लिहिली. गावात तोंड दाखवायचं असतं, त्यामुळे डबा चुकवून चालत नाही. हा जामीन कुठल्याही कागदापेक्षा पक्का.

पण एक बघा. तिथे ओळख ही फक्त दारापर्यंत नेते. पुढे डोक्यावर क्रेट घेऊन चर्चगेटच्या जिन्यावरून गर्दीत धावता आलं नाही तर गाववाला असून उपयोग नाही. आणि तिथे माणूस नुसता नोकर नसतो, गटाच्या कमाईत त्याचा वाटा असतो. आपण यातलं फक्त ‘गाववाला’ उचलतो आणि धावणं नि वाटा दोन्ही विसरतो.

नात्यातल्या माणसाची खरी अडचण घेताना नसते, बोलताना असते. नणंदेच्या जावेला “पोळ्या करपताहेत” हे सांगायला मला तीन आठवडे लागले. तिला उचल हवी होती तेव्हा तिने ती माझ्याकडे न मागता सासऱ्यांकडे मागितली. बाकीच्या बायकांनी ते पाहिलं, बोलल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यात प्रत्येकीने उचल मागायला सासऱ्यांचंच दार ठोठावलं.

ओळखीतून अर्ज येऊ द्या. निवड मात्र अनोळखी माणसाची करतो तशीच करा, तेवढीच लांब, त्याच प्रश्नांची.

“आमच्या गिऱ्हाइकांना अमुक समाजाचीच बाई लागते.” मग त्यात बसणारी घेणं चूक कसं?

हा प्रश्न कुणी असा सरळ विचारत नाही. “जरा आपल्यातली बघा” असं म्हणतात. मी सरळ लिहिते, कारण ‘आमच्या वातावरणात बसेल का’ या गोड वाक्याखाली आपल्याकडे बहुतेक वेळा हेच दडलेलं असतं.

आमच्या घरातूनच सांगते. सासूबाई बाईला विचारायच्या, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” गाव ऐकून त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग “आडनाव काय म्हणालात?” मग “माहेरचं?” तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्या बाईला कळलेलं असायचं की चौकशी पोळीची नाही. एक जण एकदा उठून म्हणाली, “काकू, थेट विचारा ना.” आणि चप्पल घालून गेली. ती पुढे दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या केंद्रात लागली. तिथली घडीची पोळी आजही आमच्यापेक्षा मऊ असते. हे मी मत्सराने लिहितेय, कबूल.

आणि हे फक्त स्वयंपाकघरातलं दुखणं नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज वाचणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःला जातीयवादी म्हणवून घेतील? मला वाटतं, एकही नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नोकरी-धंद्यात आडकाठी करणं हा गुन्हा मानतो. गिऱ्हाइकाची आवड ही त्यातली पळवाट नाही.

गिऱ्हाइकाचं काय करायचं? आमच्याकडे फोन येतो, “पोळ्या कोण करतं तुमच्याकडे?” उत्तर ठरलेलं आहे: “आठ जणं करतात, सकाळी सहाला ताजी कणीक, तेल अमुक, या एकदा बघायला.” बहुतेक येतात, बघतात, डबा लावतात. दोन घरांनी डबा बंद केला. मी थांबवलं नाही.

तुमच्या पाच वाक्यांची एक चाचणी करा. त्यातलं कुठलंही वाक्य कुठल्याही घरात जन्मलेल्या माणसाला पाळता येतं का? येत नसेल तर ती संस्कृती नव्हे, कुंपण आहे.

जाहिरात कुठे आणि कशी द्यायची?

शटरवर कागद, सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, भाजीवाली, आणि आधीपासून कामावर असलेल्या बायका. बस. आमच्या धंद्यात नोकरीची पोर्टलं उपयोगी पडली नाहीत.

मजकुराकडे मात्र लक्ष द्या. आमचा जुना कागद होता: ‘पोळ्यांसाठी बाई पाहिजे. प्रामाणिक व कष्टाळू.’ प्रामाणिक नाही असं समजणारं कुणी जगात नसल्यामुळे सगळेच यायचे. आताचा असा असतो:

‘पोळ्या लाटायला बाई/माणूस हवा. वेळ सकाळी ६ ते ११.३०. दर पोळीमागे, शिवाय महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या. पगार ५ तारखेला, बँकेत. काम उभ्याने आहे, उन्हाळ्यात गरम होतं. सकाळी सहा जमणार नसेल तर दुपारच्या पाळीबद्दल विचारा.’

‘गरम होतं’ लिहिल्यावर फोन निम्मे झाले आणि आलेल्यांपैकी टिकणाऱ्या वाढल्या. पुरुष लाटायला आला तर? आला. सोलापूरकडचा आहे, भाकरी हातावर थापतो, आमच्यातल्या कुणालाच जमत नाही तशी.

मुलाखतीत काय विचारायचं?

“तुम्ही संघात काम करू शकता का?” याचं उत्तर हो असतं. “राग येतो का?” याचं नाही असतं. असले प्रश्न सोडून द्या.

झालेल्या गोष्टी विचारा. आधीच्या ठिकाणी शेवटचं भांडण कशावरून झालं? कामात चूक झाली आणि कुणाला कळलीच नव्हती, असं कधी झालं का, मग काय केलंत? लोकल बंद पडली त्या दिवशी काय केलंत? सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तरं त्याच वेळी वहीत लिहून ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं. पण नोकरभरतीवर झालेल्या संशोधनात ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना या दोन गोष्टी मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरत आल्यात.

मोकळ्या गप्पा धोकादायक का, ते मी भोगलंय. सगळं पाहायला एक सुपरवायझर हवी होती. एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच रुईया कॉलेजच्या कट्ट्याच्या आठवणी, तीच जुनी नाटकं पाठ. तासभर चहा आणि हसणं. मी सासूबाईंना म्हटलं, “अगदी आपल्यात बसणाऱ्या आहेत.” माझ्यात बसणाऱ्या होत्या. बायकांशी “ए, इकडे ये” असं बोलायच्या, माझ्याशी “मॅडम”. दोन महिन्यांत पोळ्यांवरच्या तिघी गेल्या, आणि का ते मला त्यांतल्या एकीने फडके रोडवर भाजी घेताना सांगितलं. तोवर मला वाटत होतं पावसाळ्यामुळे गळती आहे.

अमेरिकेत लॉरेन रिवेरा नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ मध्ये बड्या कायदा, सल्लागार आणि बँकिंग कंपन्यांबद्दल हेच मांडलं: निवडणारे लोक स्वतःसारखे छंद, स्वतःसारखं बोलणं-वागणं असलेला उमेदवार उचलतात आणि त्याला ‘फिट’ म्हणतात. म्हणजे मी एकटी मूर्ख नव्हते, तेवढंच समाधान.

तेव्हापासून एक बदल केला. मुलाखत झाली की आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या मावशी उमेदवाराला स्वयंपाकघर दाखवतात, मी आत जात नाही. दहा मिनिटांत मावशींना जे कळतं ते मला तासाभरात कळलं नव्हतं: भांडी घासणारीशी ती बोलली का, की तिच्या डोक्यावरून बघून पुढे गेली.

लग्न, मुलं, “पुढे काय विचार आहे” हे विचारू का? सुट्ट्यांचा अंदाज यावा म्हणून.

नको. वेळ पाळता येईल का ते विचारा, त्याचं उत्तर पुरतं. एकदा एका मुलीला “लग्न ठरलंय का?” विचारलं, ती म्हणाली, “तुमच्या डिलिव्हरीवाल्या दादांना विचारलं होतं?” नव्हतं विचारलं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा तुम्हाला लागू असू शकतो, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही दहापासून. दहाच्या खाली असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे कामावर आलेल्या बाईला पहिल्या दिवशी सांगून ठेवा. सांगितल्याने तक्रारी वाढत नाहीत. विश्वास वाढतो, हा माझा अनुभव.

एक दिवस काम करून बघायला लावलं तर?

सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. पण दोन अटी: त्या दिवसाचे पैसे त्याच दिवशी हातात, निवड होवो न होवो. आणि चाचणी खऱ्या कामाची, खऱ्या गर्दीची. मी मंगळवार किंवा गुरुवार घेते. सोमवारी आम्हीच चिडलेल्या असतो.

आम्ही काय बघतो? पोळीचा गोलवा नाही. पंधरा दिवसांत हात बसतो. एका मावशींची पहिल्या दिवशीची पोळी श्रीलंकेच्या आकाराची होती. पण कणीक सुकू लागली तेव्हा त्यांनी न सांगता ओला पंचा पिळून शेजारणीच्या परातीवरही टाकला. स्वतःच्या नव्हे, शेजारणीच्या. त्या आज पोळ्यांच्या प्रमुख आहेत.

उलट, एका बाईंनी दीड तासात दीडशे पोळ्या लाटल्या. एकसारख्या, चंद्रासारख्या. निघताना पोळपाट तसाच, पिठाचे थर तसेच, आणि गॅस चालू. मी तरीही त्यांना घेतलं, कारण गणपती आठ दिवसांवर होते. दसऱ्याला त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरातली शांतता गेली ती दिवाळीनंतर परतली.

हात चांगला पण स्वभाव अडचणीचा, किंवा उलट. कुणाला घ्यावं?

शिकवता येतं काय आणि किती दिवसांत, हे आधी ठरवा. पोळी पंधरा दिवसांत येते. बुंदीचा झारा आणि पाकाची तार यायला दोन दिवाळ्या जातात. तिथे मी हात बघते आणि स्वभाव सोसते, कारण अनारसे फसले तर गोड स्वभावाचं काय करू?

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा. माणूस संस्थेच्या पद्धतीत बसतो की नाही यावर भरपूर अभ्यास झालेत. २००५ मध्ये त्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात असं दिसलं की पद्धतीत बसणारा माणूस समाधानी राहतो, टिकतो. पण काम जास्त चांगलं करतो असं जवळजवळ दिसत नाही. माझ्या स्वयंपाकघरातही तसंच आहे. पद्धतीत बसणारी बाई सोडून जात नाही. पोळी मऊ होण्यासाठी कणीक नीटच तिंबावी लागते.

“आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे.” पगार थोडा कमी दिला तर चालेल ना?

नाही.

घरच्यासारखं म्हणणाऱ्यांच्या घरी मी बरीच वर्षं जातेय. तिथे घरच्यासारखं म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, नेमणुकीचा कागद नाही आणि दिवाळीला बोनसऐवजी साडी. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथेही एकमेकींना बहीणच म्हणतात, पण प्रत्येक बहीण मालकीण असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. असं घर करायची तयारी असेल तर खुशाल ‘घरच्यासारखं’ म्हणा.

बाकी किमान वेतन, पगाराची ठरलेली तारीख, नेमणूकपत्र हे आधी. २० माणसं झाली की पीएफ. दहा झाली की पाच वर्षं पुरी करणाऱ्याला ग्रॅच्युइटी. कामगारांचे कायदे हल्लीच बरेच बदललेत, आकडे तुमच्या सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या.

सगळी एकाच साच्यातली झाली तर?

होतात. बेंजामिन श्नायडर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्येच हे मांडलंय: सारखी माणसं ओढली जातात, सारखीच निवडली जातात, वेगळी सोडून जातात, आणि हळूहळू संस्था एकसुरी होते.

आमच्याकडे तीन वर्षं दिवाळीची ऑर्डर वहीत लिहायचो. नावं, किलो, ॲडव्हान्स, सगळं. दर वर्षी शेवटच्या दोन दिवशी चिवडा कमी आणि शंकरपाळे जास्त. काउंटरवर एक मुलगा घेतला, आधी मोबाइलच्या दुकानात होता. आमच्यात अजिबात न बसणारा. गप्प, कानात हेडफोन, चहा पीत नाही. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तुम्ही ऑर्डर पदार्थाप्रमाणे का नाही लावत, नावाप्रमाणे का लावता?” आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. त्या वर्षी शंकरपाळे उरले नाहीत.

तो पाचही वाक्यं पाळतो. चहा न पिणं त्यांत येत नाही.

नवीन माणूस सारखं “आमच्या आधीच्या ठिकाणी असं करायचे” म्हणतो. काय करू?

महिनाभर ऐका. दहातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या निघतात. महिन्यानंतरही तेच चाललं असेल तर तो अजून तिथेच आहे.

पहिल्या आठवड्यात काय करावं?

एक जोडीदार द्या, मालकाने स्वतः मागे लागू नये. पहिल्या दिवशी नाव कसं घ्यायचं ते विचारा. आमच्याकडे सरसकट ‘मावशी’ चालायचं. एक तिशीतली बाई म्हणाली, “मला मावशी नका म्हणू, नावाने हाक मारा, ताई जोडा हवं तर.” तेव्हापासून विचारतो. आणि पाच वाक्यं वाचून दाखवू नका, घडतील तेव्हा दाखवा. पहिली चूक सांगितल्यावर तुम्ही काय करता हेच तिचं प्रशिक्षण.

चुकीचा माणूस घेतला गेला. आता?

आधी तपासा की चुकीचं नेमकं कोण. आमच्याकडे भाजी करणारी एक बाई रोज उशिरा यायची. मी मनात तिला ‘बेशिस्त’ लिहून मोकळी. मावशींनी सांगितलं की ती टिटवाळ्याहून येते आणि आम्ही दिलेली सहाची वेळ पाळता येईल अशी सोयीची गाडीच तिला नव्हती. साडेसहा केलं, प्रश्न संपला. सहा महिने मी उगाच तोंड वाकडं केलं होतं.

खरंच जमत नसेल तर ओढत नेऊ नका. एकदा एकांतात, ठरावीक प्रसंग सांगून बोलायचं, ‘तुमचा स्वभावच असा’ असं नाही. “गेल्या गुरुवारी आमटी लागली होती आणि तुम्ही ती डब्यात भरलीत.” मुदत द्यायची. मग नियमाप्रमाणे नोटीस, सगळा हिशेब चुकता, राहिलेल्या सुट्ट्यांचे पैसेसुद्धा. बायकांसमोर अपमान करून काढलंत तर राहिलेली तेरा जणं दुसऱ्या दिवसापासून दुसरीकडे चौकशी सुरू करतात. आणि जाणारी कशी गेली हे पुढच्या उमेदवाराला तुमच्या आधी भाजीवालीकडून कळतं.

घरातलंच पुढच्या पिढीचं माणूस धंद्यात येतंय. त्यालाही हे सगळं लावायचं?

माझा मुलगा या मे महिन्यात इंजिनिअरिंग संपवून आला आणि म्हणाला, वर्षभर इथे काम करून बघतो. सासूबाईंना वाटलं गल्ल्यावर बसेल. मावशींनी त्याला डबे घासायला लावलं. परत आलेले स्टीलचे डबे, झाकणांच्या कडेला सुकलेली आमटी, गरम पाणी आणि काथ्या. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “रबर काढून धुवायचं का?” मावशी म्हणाल्या, “काढून.” चौथ्या दिवशी मित्रांबरोबर माळशेजला गेला, फोन न करता.

पहिल्या आठवड्याची त्याची हजेरी मावशींनीच लिहिली. त्यात एक खाडा आहे. पाच तारखेला तो कापला गेला.